तुटलेली भावकी ऑनलाइन नोंदींतून कशी शोधायची: सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

सोलापूर जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ आहेत, जिथं आजोबांचा एक भाऊ "बाहत्तरच्या दुष्काळात गेला तो गेलाच" एवढ्यावर संपतो. पणजीचं माहेर "मोहोळकडं कुठंतरी" असतं. भिवंडीचे पाव्हणे पूर्वी लग्नपत्रिका पाठवायचे, मग तेही थांबलं. या मंडळींचा माग आता बराचसा घरबसल्या काढता येतो. सातबारा, फेरफार, मतदार याद्या, कोर्टातले दावे असं बरंच काही ऑनलाइन आलंय. अडचण एवढीच की सुरुवात कुठून करायची हे कोणी सांगत नाही.

माझ्या आजोबांच्या बहिणीकडची माणसं मी याच वाटेने शोधली. नुसत्या नावावरून माणूस सापडत नाही. गाव, जमीन आणि लेकीचं सासर या तीन धाग्यांवरून सापडतो. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय.

१. आधी घर धुंडाळा, मग इंटरनेट

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. "आण्णा" म्हणजे कागदावर ज्ञानोबा की नारायण, हे तेव्हाच विचारून घ्या. हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असणं हे आपल्याकडे इतकं सरसकट आहे की दोन्ही माहीत नसतील तर पुढचं सगळं अडतं.

मग कपाटं आणि ट्रंका. यातलं जे मिळेल ते बाजूला काढा:

- जुना सातबारा, शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीचं कर्जाचं पुस्तक
- शाळा सोडल्याचे दाखले, जन्म-मृत्यूचे दाखले, जुनी रेशन कार्डं
- जुन्या लग्नपत्रिका
- आहेराच्या वह्या
- कुलदैवत, देवक, गोत्र यांची तोंडी माहिती

लोक दाखल्यांना जपतात आणि पत्रिका रद्दीत घालतात. शोधाच्या कामाला पत्रिका आणि आहेराची वही जास्त उपयोगी पडते. पत्रिकेच्या तळाशी निमंत्रकांची जी रांग असते, तिच्यात काका, चुलत काका, मामा आणि त्यांची गावं छापलेली असतात. आहेराच्या वहीत तर "पातळ, टोपी-टॉवेल, अकरा रुपये" यांच्या शेजारी नाव आणि गाव असतं. चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्या घरून आहेर आला, तो परका नव्हता.

साधनं फारशी लागत नाहीत. ओटीपीसाठी चालू मोबाईल नंबर, देवनागरी टाइप करता येईल असा फोन किंवा संगणक आणि एक वही. वहीत प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवा, आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते लिहा. हे आळस न करता करा, नाहीतर महिन्याभराने "हे मला कोणी सांगितलं होतं?" यातच गुंतून पडाल.

२. गाव नक्की करा, आणि ते तेव्हा कुणाच्या हद्दीत होतं तेही

आज जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, पण जुन्या नोंदी आजच्या नकाशाप्रमाणे ठेवलेल्या नाहीत. अक्कलकोट हे १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होतं. मंगळवेढा सांगली संस्थानात होता. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा ही निजामाची हद्द, म्हणून तिकडचे जुने कागद उर्दूत निघू शकतात. बिजापूर-गुलबर्ग्याचे पाव्हणे असतील तर जिल्ह्यांची नावं आता विजयपुरा आणि कलबुर्गी आहेत. उस्मानाबादचं धाराशिव झालं. काही संकेतस्थळांवर जुनं नाव दिसेल, काहींवर नवं, दोन्ही पाहा.

करमाळा-माढा भागातलं घर असेल आणि माग सत्तरच्या दशकात एकदम तुटत असेल, तर उजनी डोक्यात ठेवा. धरण १९८० मध्ये पुरं झालं, आणि त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली कुटुंबं पुनर्वसनात वेगवेगळ्या ठिकाणी गेली. एकाच भावकीतले दोघे दोन वेगळ्या वसाहतींत गेले असं झालेलं आहे. मूळ गावच्या नोंदीत शोधून काही लागत नसेल तर पुनर्वसित गावठाणाचं नाव विचारून तिथं शोधा.

३. महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ काढा

महाभूलेखच्या संकेतस्थळावर पुणे विभाग निवडा, मग सोलापूर जिल्हा, तालुका, गाव. गट नंबर माहीत असेल तर थेट तो टाका. नसेल तर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव किंवा पूर्ण नाव यावरून शोधता येतं. नुसता पाहायचा सातबारा फुकट आहे. डिजिटल सहीचा हवा असेल तर वेगळ्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो, पण नाती शोधायला फुकटचा पुरतो. पैसे उगाच घालवू नका.

आडनावाने शोधलंत की गावातल्या त्या आडनावाच्या खातेदारांची यादी समोर येते. ती पूर्ण उतरवून घ्या. मग एकेकाचा आठ-अ पाहा. आठ-अ म्हणजे एका खात्यावरची त्या गावातली सगळी जमीन. सामायिक खातं असेल तर भाऊ, पुतणे, चुलत्या एकाखाली एक दिसतात. भावकीचा पहिला आराखडा इथंच तयार होतो.

सातबाऱ्यावर या खुणांकडे लक्ष द्या:

*ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क.* म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. थोरल्याचं एकट्याचं नाव आहे, पण मागे आणखी भाऊ आहेत असा त्याचा अर्थ. ज्या भावाचं नाव कुठंच सापडत नाही, तो बहुतेक अशा नोंदीमागे असतो.

*अ.पा.क.* म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस लहान होता, म्हणून आई किंवा चुलत्याचं नाव पालक म्हणून लागलं. बाप अकाली गेल्याची ही खूण.

*कंसातली किंवा रेघ मारलेली नावं* म्हणजे पूर्वी हक्क होता, आता नाही. लोक ती सोडून देतात. तुम्ही ती आधी वाचा.

*इतर हक्क.* या रकान्यात बँकेचा बोजा असतो म्हणून त्याकडे कोणी फिरकत नाही. पण पूर्वी बहिणींची आणि विधवांची नावं वारस म्हणून इथंच टाकायची पद्धत होती. आमच्या शोधाची गाठ इथंच सुटली. आजोबांच्या बहिणीला घरात सगळे माहेरच्या नावाने ओळखायचे. तिचं सासरचं आडनाव कुणालाच आठवत नव्हतं. इतर हक्कात ते आडनाव होतं, आणि पुढे "रा." लिहून बार्शी तालुक्यातलं गाव.

सोलापूर शहरातली जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक पाहावं लागतं. तेही महाभूलेखवरच आहे.

४. फेरफार: खरं घबाड इथं आहे

सातबाऱ्याच्या प्रत्येक नावाजवळ एक आकडा असतो, आणि तळाशी "जुने फेरफार क्र." म्हणून आकड्यांची रांग. प्रत्येक आकडा म्हणजे फेरफार नोंदवहीतली एक नोंद, म्हणजे गाव नमुना सहा. खरेदी, वाटणी, बोजा, वारस, सगळं तिथं लिहिलेलं असतं. आपल्याला हव्यात वारसाच्या नोंदी.

वारसाची नोंद साधारण अशी वाचायला मिळते: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यांस वारस एक मुलगा, दोन मुलगा, तीन मुलगी राहणार वैराग, चार पत्नी; वर्दी व जबाबावरून नोंद केली. या चार ओळींत मृत्यूची तारीख, मुलांचा क्रम आणि लेकीचं सासरचं गाव मिळतं. पणतवंडापर्यंत यायला अशा तीन-चार नोंदी एकाला एक जोडाव्या लागतात.

इथं एक तारीख पाठ असू द्या. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे. त्याआधीच्या वारस नोंदींत लेकींची नावं सहसा सापडत नाहीत, मुलगे आणि फार तर विधवा. "नोंदीत बहीण नाही म्हणजे बहीण नव्हती" असा निष्कर्ष त्या काळापुरता तरी काढू नका. नंतरच्या काळात बहिणीचं नाव लागलं आणि लगेच हक्कसोडीने कमीही झालं, असं घरोघरी दिसेल. हक्कसोड झाली म्हणजे तिची सही किंवा अंगठा, पूर्ण नाव आणि पत्ता कुठल्यातरी कागदावर आहे. आपल्यासाठी चांगलंच.

अलीकडचे फेरफार डिजिटल सहीच्या पोर्टलवर मिळतात. नुकत्याच पडलेल्या नोंदींच्या नोटिसा "आपली चावडी"वर गाव निवडून पाहता येतात. वारस नोंद चालू असेल तर आजची हयात पिढी तिथं दिसते. जुन्या हस्तलिखित नोंदींचे स्कॅन "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर शोधा. तिथं नोंदणी करून खात्यात थोडे पैसे भरावे लागतात, म्हणून पैसे भरण्याआधी यादीत आपला तालुका आणि गाव आहे का ते पाहा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. अर्जात गाव, फेरफार क्रमांक आणि शक्य तर वर्ष लिहा. "आमच्या पणजोबांचे सगळे कागद द्या" असा अर्ज दिलात तर तो टेबलावरच राहील.

एक नेहमीची अडचण: गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर एक नसतात. एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले. आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर असेल तर तो आजच्या गट नंबरच्या रकान्यात टाकून भलत्याच माणसाची जमीन समोर येते, आणि लोक त्यालाच चुलता मानून मोकळे होतात. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या, त्यात जुना-नवा नंबर जुळवलेला असतो.

५. मतदार यादी: आज कोण कुठं राहतं

फेरफाराने नाव आणि गाव दिलं. त्या गावात ते घर अजून आहे का, हे मतदार यादी सांगते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून विधानसभा मतदारसंघ आणि यादी भाग निवडून पीडीएफ उतरवता येते. शहराचे मतदारसंघ उत्तर, मध्य आणि दक्षिण असे वाटलेले आहेत. आपली पेठ कशात येते ते आधी बघा.

ही पीडीएफ बहुतेक वेळा चित्रासारखी असते, त्यामुळे नाव टाकून शोध लागत नाही. डोळ्यांनीच वाचायची. पण वाचायची एक रीत आहे. खेड्यात भावकी एका गल्लीत किंवा एका वस्तीवर राहते, त्यामुळे एका आडनावाची घरं यादीत लागोपाठ येतात. तेवढी पानं काढा, पुरुषांची आणि अविवाहित मुलींची नावं वडिलांच्या नावाप्रमाणे गटात लावा, आणि वयावरून पिढी ठरवा. एकाच वडिलांची चार मुलं दोन शेजारच्या घर क्रमांकांवर दिसली की चित्र जुळायला लागतं. लग्न झालेल्या बाईपुढे नवऱ्याचं नाव असल्याने तिचं माहेर इथं कळणार नाही. त्यासाठी पुन्हा फेरफारच.

६. दस्त आणि दावे

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव, गट किंवा मिळकत नंबर आणि वर्ष टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते. बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र हे दस्त बहुतेक नात्यातच होतात, तेवढेच बघा. खरेदीखतं सोडून द्या.

ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. वाटणीच्या दाव्यात "मयत अमुक तर्फे वारस" म्हणून अख्खं खानदान एका पानावर येतं. भांडण वाईट, पण वंशावळीला फार सोयीचं! नावं तिथं बहुतेक इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतात, म्हणून दोन-तीन स्पेलिंगं करून पाहा.

७. पूर्व भागातल्या आणि सीमेवरच्या घरांसाठी

ज्यांच्याकडे कधी शेतीच नव्हती, त्यांना वरचं निम्मं लागू होत नाही. साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ इकडच्या पद्मशाली घरांचं मूळ तेलंगणात आहे, आणि तिथं घराचं नाव म्हणजे आडनाव आधी लिहितात, माणसाचं नाव नंतर. सोलापुरात आल्यावर तीच आडनावं देवनागरीत जशी ऐकू आली तशी लिहिली गेली. म्याकल, मॅकल, माकल ही तीन कुटुंबं असतीलच असं नाही, एकाच शाळेच्या तीन मास्तरांनी लिहिलेलं एकच आडनाव असू शकतं.

आजोबा "आमचं करीमनगर" म्हणायचे असतील तर ते गाव आज करीमनगर जिल्ह्यात नसेलही. २०१६ मध्ये तेलंगणात जिल्ह्यांची फेररचना झाली, आणि जुन्या करीमनगरमधून सिरसिल्ला, जगित्याल, पेद्दपल्ली असे जिल्हे निघाले. तिकडच्या जमिनींचं धरणी पोर्टल होतं, २०२५ पासून त्याची जागा भूभारतीने घेतली. तेलुगू वाचणारं माणूस शेजारी बसवा. पूर्व भागात ते शोधावं लागणार नाही. अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या कन्नड घरांसाठी कर्नाटकाचं भूमी पोर्टल आहे, तिथल्या उताऱ्याला पहाणी म्हणतात.

यंत्रमागामुळे भिवंडीला गेलेल्यांसाठी पद्मानगर भागाच्या मतदार याद्या आणि समाजाच्या संस्था, हा मार्ग सगळ्यात जवळचा.

८. जन्म-मृत्यू नोंदी आणि कोतवाल बुक

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंद शोधून घेण्याचा आणि तिचा दाखला मागण्याचा हक्क कोणालाही आहे. मृत्यूचं कारण मात्र दाखल्यात देत नाहीत. त्यामुळे खिडकीवर "तुम्ही कोण लागता?" असं विचारलं तर कलम नम्रपणे सांगा. आवाज चढवून काम होत नाही.

त्याआधीच्या काळासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. जुन्या कोतवाल बुकांत मोडी असते, वाचणाऱ्याला मानधन द्यावं लागेल. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदी शोधताना असे कितीतरी जुने कागद बाहेर आले, आणि अनेक जिल्ह्यांनी त्यांचे स्कॅन आपल्या संकेतस्थळांवर चढवले. तुमचा जातीच्या दाखल्याशी संबंध असो-नसो, गावाच्या नावाने ते चाळा.

९. जुळणी पक्की केल्याशिवाय "सापडले" म्हणू नका

आतापर्यंत मिळाले ते *संभाव्य* नातेवाईक. माझा नियम असा: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी तीच गोष्ट दिसली तरच ती वहीत शाईने लिहायची. फेरफारातलं नाव आणि आहेराच्या वहीतलं गाव जुळलं, तर ठीक. सातबारा आणि आठ-अ जुळले, तर तो एकच पुरावा, कारण दोन्ही एकाच माहितीवरून निघतात.

आडनावावर तर मुळीच जाऊ नका. पाटील, देशमुख, कुलकर्णी, चौगुले ही वतनाची नावं. एका गावच्या पाटलाचा दुसऱ्या गावच्या पाटलाशी काडीचा संबंध नसतो, आणि उलट सख्ख्या भावांतला एक कागदावर पाटील आणि दुसरा मूळ आडनावाने असतो. कुलदैवत तुळजाभवानी जुळलं म्हणून हरखून जाणारेही पाहिलेत. सोलापुरात अर्ध्या घरांचं कुलदैवत तेच निघेल. देवक जुळलं तर मात्र थोडं वजन द्या.

"पूर्ण वंशावळ काढून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. वर सांगितलेल्या कुठल्याही कामात आधारचा ओटीपी अनोळखी माणसाला सांगायची गरज पडत नाही.

१०. पहिली भेट

सगळ्यात जास्त शोध इथं फसतात. तुम्ही सहा महिने कागद वाचलेत, समोरच्याला तुम्ही कालपर्यंत माहीत नव्हतात. अचानक फोन करून "तुमच्या गट नंबर अमुकमध्ये माझ्या आजीचं नाव होतं" म्हणालात, तर समोरच्याला एकच ऐकू येतं: वाटा मागायला आले. त्यामुळे सातबारा हा शब्द पहिल्या दोन-तीन भेटींत तोंडातून काढायचा नाही. कागदांची फाइल घेऊन तर अजिबात जायचं नाही.

थेट फोनपेक्षा मध्ये माणूस घाला. गावचा पोलीस पाटील, कोतवाल, किराणा दुकानदार, नाहीतर त्याच गावात दिलेली तुमच्या ओळखीची लेक. निरोप एवढाच द्यायचा: अमक्याचा नातू सोलापुरात असतो, भेटायचं म्हणतो. गावची जत्रा किंवा सोलापूरची गड्डा यात्रा बरी पडते, तेव्हा बाहेरगावची माणसंही घरी असतात.

जाताना जुना फोटो किंवा ती लग्नपत्रिका न्या. ओट्यावरचा म्हातारा "कुणाचा रं तू?" विचारेल, तेव्हा स्वतःचं नाव आणि नोकरी नंतर, आधी पणजोबांचं नाव, गाव आणि वस्ती सांगा. पुढचं तोच सांगायला लागतो, तेव्हा मध्ये न बोलता ऐका. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, घरी येऊन वहीत लिहा, आणि त्यांच्याकडच्या कोणाचंही नाव, वय, पत्ता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचारा. समोरून "आम्हाला नको" असं उत्तर आलं, तर त्या पानावर तारीख टाकून ते तिथंच थांबवा आणि दुसऱ्या शाखेकडे वळा.